रिडंडन्सी (जागाच कमी करून नोकरीवरून काढणं): इंग्लंडमधली दोन वर्षं भरली नाहीत, पण पुण्यातली चार वर्षं धरायची की नाही?

मेघना_लेस्टर
२३ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

धाकट्या भावासाठी विचारतेय. तो रेडिंगला आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. माहिती जशी आहे तशी देते.

१ जून २०२० ला पुण्याच्या कंपनीत लागला. २०२४ मध्ये तिच्याच इंग्लंडमधल्या कंपनीनं स्पॉन्सर केलं, नवं काँट्रॅक्ट दिलं आणि २२ जुलै २०२४ ला तो इथे रुजू झाला. पगार वर्षाला ४८,००० पौंड, वय ३२. १२ जानेवारीला 'ॲट रिस्क'चं, म्हणजे नोकरी धोक्यात असल्याचं, पत्र आलं. १५ आणि २२ ला मीटिंग झाल्या, 'शेवटची' २९ ला आहे. ३० ला नोटीस देऊन २७ फेब्रुवारीला नोकरी संपवणार, असं तोंडी सांगितलंय. एकूण चौदा जणांची कपात आहे. त्याच्या टीममध्ये टेस्टिंगचं तेच काम चौघं करतात, पण 'पूल'मध्ये, म्हणजे ज्यांच्यातून कुणाला काढायचं ते निवडतात त्या गटात, हा एकटाच. बाकीचे तिघं इथेच भरती झालेले.

एचआरचं म्हणणं: काम पुण्याला हलवतोय, तुझी दोन वर्षं झालेली नाहीत, म्हणून गुणांकन नाही, अपील नाही, रिडंडन्सीचे पैसेही नाहीत. त्याऐवजी सेटलमेंट ॲग्रीमेंट (पैसे घेऊन दावे सोडण्याचा करार) पुढे केलंय. नोटीस मिळेलच, वर एका महिन्याचा पगार जादा, सोमवारपर्यंत सही हवी.

ही कपात रास्त आहे का? वकील गाठायचा तर आधी काय हाताशी हवं?

सातारकर_स्लाऊ
२३ जानेवारी, रात्री ९:४५

सोमवारी सही अजिबात नको. सेटलमेंटच्या लेखी प्रस्तावावर विचार करायला किमान दहा दिवस द्यावेत असं अकॅस या नोकरीच्या वादांत समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमावलीत आहे, आणि ते शनिवार-रविवार धरून दहा. स्वतंत्र सल्लागाराचा, म्हणजे वकील किंवा युनियनचा अधिकृत माणूस, सल्ला घेतल्याशिवाय त्या कराराला बंधनकारक ताकदच येत नाही. त्या सल्ल्याची फी बहुतेक कंपन्या काही मर्यादेपर्यंत देतात, मसुद्यात आकडा असतो तो बघा.

राजीनाम्याचा विषय कुणी काढला तर साफ नकार द्यायचा. राजीनामा दिला की 'डिसमिसल' (मालकाने काढणं) झालंच नाही असा त्यांचा युक्तिवाद तयार.

बाकी दोन वर्षांचं एचआर बरोबर बोलतेय. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत साध्या अनफेअर डिसमिसलच्या (अन्यायाने काढल्याच्या) दाव्यासाठी दोन वर्षं लागतातच. १ जानेवारी २०२७ पासून ती अट सहा महिन्यांवर येतेय, पण त्याचा तुमच्या भावाला उपयोग नाही.

विदुला_बर्मिंगहॅम
२३ जानेवारी, रात्री १०:३०

सातारकर, सहीबद्दल अगदी बरोबर. दोन वर्षांबद्दल मात्र इतक्या लवकर हार मानू नये, कारण या केसचा सगळा जीव तिथेच आहे.

कायदा 'या कंपनीत किती वर्षं' असं विचारत नाही, सलग नोकरी किती असं विचारतो. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६, कलम २१८, पोटकलम ६: माणूस एका मालकाकडून त्याच्या 'असोसिएटेड एम्प्लॉयर'कडे गेला तर आधीची नोकरी नव्या मालकाच्या खात्यात जमा होते, खंड पडत नाही. कलम २३१ प्रमाणे असोसिएटेड म्हणजे एक कंपनी दुसरीच्या ताब्यात, किंवा दोन्ही एकाच तिसऱ्याच्या ताब्यात. परदेशातली मर्यादित कंपनीही यात बसते, हे हॅन्सिल विरुद्ध मार्कॉन इंजिनिअरिंग या १९९० च्या अपील निकालात मान्य झालंय. म्हणजे पुण्याची प्रायव्हेट लिमिटेड चालते.

पण ताबा म्हणजे मतदानाच्या शेअर्सचं बहुमत. लोगो एक, ई-मेलचं डोमेन एक, मॅनेजर पुण्यात बसतो, याने काहीही सिद्ध होत नाही. म्हणून पहिलं काम: पगारपत्रकावर असलेलं इंग्लंडच्या कंपनीचं पूर्ण नाव कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर टाका. फुकट आहे. तिथे 'पर्सन्स विथ सिग्निफिकंट कंट्रोल' हे पान लोक आधी उघडतात आणि पुण्याच्या कंपनीचं नाव दिसलं नाही की खचतात. त्या नोंदीत बहुतेक परदेशी कंपन्यांचं नाव घालताच येत नाही, त्यामुळे तिथे नसणं हा पुरावा नव्हे. 'फायलिंग हिस्टरी'त जाऊन शेवटचे वार्षिक हिशेब उघडा आणि अगदी शेवटच्या टिपांमध्ये 'अल्टिमेट पॅरेंट' किंवा 'कंट्रोलिंग पार्टी' शोधा. शिवाय कंपनी स्थापनेचा कागद आणि कन्फर्मेशन स्टेटमेंट, त्यात शेअरहोल्डरांची नावं असतात. ती पानं पीडीएफ उतरवून ठेवा.

आता यातली गोम. पुण्यातला काळ सगळीकडे सारखा मोजला जात नाही. दोन वेगळी घड्याळं आहेत.

वैधानिक रिडंडन्सी पे साठी कलम २१५(२) म्हणतं की ज्या आठवड्यात तुम्ही ग्रेट ब्रिटनबाहेर काम करत होता आणि मालकावर इथला नॅशनल इन्शुरन्स लागू नव्हता, तो आठवडा धरायचा नाही. म्हणजे रिडंडन्सी पे साठी भावाचं घड्याळ २२ जुलै २०२४ लाच सुरू झालं, आणि तिथे एचआर बरोबर आहे.

पण २१५(२) चा नियम फक्त रिडंडन्सी पे च्या कलमांपुरता आहे. त्याने सलगता तुटत नाही, आणि अनफेअर डिसमिसलच्या दोन वर्षांना तो लागूच नाही. तिथलं घड्याळ १ जून २०२० पासून. म्हणजे रिडंडन्सी पे शून्य आणि तरी अनफेअर डिसमिसलचा दावा पूर्ण शाबूत, असं एकाच वेळी असू शकतं. एचआरने या दोन गोष्टींची सरमिसळ केलीय.

आता एकच धोका उरतो: दोन नोकऱ्यांमधला खंड. कायद्यातला आठवडा रविवारी सुरू होतो, शनिवारी संपतो. अख्खा रविवार ते शनिवार आठवडा कोणत्याच कराराखाली नसेल तर सलगता तुटते. तेव्हा रिलीव्हिंग लेटर, पुण्याचं शेवटचं पगारपत्रक, फुल अँड फायनलचा हिशेब आणि इथलं काँट्रॅक्ट, हे चार कागद आज रात्रीच मागवा. काँट्रॅक्टमध्ये 'कंटिन्युअस एम्प्लॉयमेंट' या शब्दांपुढे काय लिहिलंय ते इथे टाका.

थेम्सकाठी
२३ जानेवारी, रात्री ११:०५

व्हिसा नक्की स्किल्ड वर्करच (इथल्या कंपनीच्या नोकरीवरचा) ना? ग्लोबल बिझनेस मोबिलिटी (परदेशी कंपनीतून तात्पुरत्या बदलीचा) असेल तर पुण्याचं काँट्रॅक्ट बऱ्याचदा चालूच असतं आणि गणित बदलतं.

मेघना_लेस्टर
२४ जानेवारी, सकाळी ११:२०

व्हिसा स्किल्ड वर्करच. कागद आले.

हिशेबांच्या टिपेत स्वच्छ लिहिलंय की पुण्याची कंपनी शंभर टक्के मालक आहे.

काँट्रॅक्टमध्ये वाक्य आहे: सलग नोकरी २२ जुलै २०२४ पासून सुरू, 'आधीच्या कोणत्याही मालकाकडची नोकरी यात धरली जाणार नाही'. हे वाचून तो हबकलाय.

रिलीव्हिंग लेटरवर दोन तारखा आहेत. ऑफिसातला शेवटचा दिवस शुक्रवार १२ जुलै २०२४. खाली मात्र 'सेवा १९ जुलै २०२४ रोजी कामकाज संपताना संपुष्टात' असं आहे. मधला आठवडा शिल्लक रजा लावलेली. जुलैचा पुण्याचा पगारही १९ तारखेपर्यंतचा आहे.

विदुला_बर्मिंगहॅम
२४ जानेवारी, दुपारी १२:१५

ती दुसरी तारीख फार मोलाची आहे, ते पत्र जपून ठेवा.

१४ ते २० जुलै हा आठवडा १९ तारखेपर्यंत पुण्याच्या कराराखाली होता. आठवड्याचा थोडा भाग कराराखाली असला तरी पूर्ण आठवडा धरला जातो. पुढचा आठवडा २१ ते २७, त्यात २२ ला इथलं काँट्रॅक्ट सुरू. रिकामा आठवडा एकही नाही. पत्रात फक्त १२ तारीख असती तर १४ ते २० हा आठवडा उघडा पडला असता. मग 'दोन्ही बाजूंच्या समजुतीने नोकरी चालूच मानली होती' हा कलम २१२(३) चा युक्तिवाद करावा लागला असता. तो करता येतो, पण पुराव्याची मारामारी होते.

काँट्रॅक्टमधल्या वाक्याने घाबरायचं कारण नाही. कायद्याने मिळालेला हक्क करारातल्या वाक्याने काढून घेता येत नाही, कलम २०३. मालक-मालक संबंध सिद्ध होत असेल तर ते वाक्य या बाबतीत निकामी आहे. मात्र ट्रायब्युनलमध्ये (नोकरीच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात) कंपनी ते वाक्य पहिल्यांदा पुढे करणार, तेव्हा वकिलाला ते स्वतःहून दाखवा, लपवू नका.

याचा लगेच मिळणारा एक फायदा: नोटीस. वैधानिक नोटीस दोन वर्षांनंतर दर पूर्ण वर्षाला एक आठवडा, आणि तीही सलग नोकरीवर. १ जून २०२० पासून पाच पूर्ण वर्षं झाली, म्हणजे पाच आठवडे. ३० जानेवारीला नोटीस दिली तर २७ फेब्रुवारी म्हणजे चारच आठवडे. किमान ६ मार्च हवी. काँट्रॅक्टमध्ये यापेक्षा मोठी नोटीस असेल तर ती लागू.

प्रसाद_मँचेस्टर
२४ जानेवारी, दुपारी ३:४०

एचआरच्या बाजूने ही प्रक्रिया कशी चालायला हवी ते लिहितो, म्हणजे २९ च्या मीटिंगला काय विचारायचं ते ठरेल.

आधी एक गैरसमज. काम पुण्याला चाललंय म्हणून रिडंडन्सी 'खोटी' ठरत नाही. कलम १३९ ची व्याख्या जागेला धरून आहे: त्या ठिकाणी त्या प्रकारच्या कामासाठी माणसांची गरज कमी झाली की पुरे. तेच काम पुण्यात दुसरा कुणी करणार असला तरी रेडिंगची गरज कमी झाली. त्यामुळे 'हे काम संपलेलंच नाही' यावर मीटिंगची सगळी शक्ती घालवू नका. ट्रायब्युनल कंपनीचा धंद्याचा निर्णय सहसा तपासत नाही.

कमकुवत दुवा वेगळा आहे. चौघं तेच काम करतात आणि पूल एकाचा. असा पूल बेकायदा नसतो, पण तो का केला याचं खरं कारण कंपनीकडे हवं, आणि तो पक्का करण्याआधी माणसाशी बोलायला हवं. २०२२ च्या मोगाने विरुद्ध ब्रॅडफर्ड टीचिंग हॉस्पिटल्स या निकालात नेमकं हेच झालं होतं. दोन नर्सपैकी जिचं मुदतीचं काँट्रॅक्ट आधी संपणार तिलाच पूलमध्ये टाकलं, आणि सल्लामसलत त्यानंतर. अपील ट्रायब्युनलने डिसमिसल अनफेअर ठरवलं, कारण निवडीचा निकष ठरला तेव्हाच निवड झाली होती आणि नंतरच्या मीटिंगना अर्थ उरला नव्हता. भावाची केस याच्या खूप जवळ जाते.

दुसरी बाजूही सांगतो. हेकॉक्स विरुद्ध एडीपी, २०२४, कोर्ट ऑफ अपील. तिथे गुण आधी दिले, कर्मचाऱ्याला ते अपिलाच्या वेळी कळले, तरी एकूण प्रक्रिया रास्त ठरली, कारण अपील नीट ऐकलं होतं. छोट्या कपातीत सगळ्या कर्मचाऱ्यांशी सामूहिक चर्चा करायलाच हवी असंही नाही, हे त्याच निकालात आहे. भावाच्या बाबतीत कंपनीने अपीलच नाकारलंय, त्यामुळे चूक सुधारायची ही वाट त्यांनी स्वतःच बंद केलीय. म्हणून अपील नाही म्हणाले तरी लेखी अपील करायचंच. नंतर 'त्याने मागितलंच नाही' असं म्हणता येऊ नये.

२९ ला हे विचारा, आणि मीटिंगच्या दोन दिवस आधी ई-मेलने पाठवा: पूलमध्ये मी एकटा का, बाकी तिघांची कामं माझ्यापेक्षा वेगळी कशी? हा निर्णय कोणत्या तारखेला, कुणी घेतला? कोणते निकष विचारात घेतले? रेडिंगमध्ये आणि समूहातल्या इतर कंपन्यांत आत्ता कोणत्या जागा रिकाम्या आहेत, त्यांची यादी द्या. तिघांपैकी कुणी स्वेच्छेने जायला तयार आहे का, असं विचारलंत का? पगार किंवा तास कमी करण्याचा पर्याय तपासला का?

उत्तरं तोंडी मिळाली तर त्याच संध्याकाळी 'आज तुम्ही असं सांगितलंत, चुकलं असेल तर कळवा' असा ई-मेल. मीटिंगला सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत नेण्याचा वैधानिक हक्क शिस्तभंगाच्या आणि तक्रारीच्या मीटिंगना आहे, रिडंडन्सीच्या चर्चेला नाही. तरी मागावं, बहुतेक ठिकाणी देतात.

चौदा जणांबद्दल: एका आस्थापनेत नव्वद दिवसांत वीस किंवा जास्त झाले तर सामूहिक सल्लामसलत सक्तीची, पहिल्या डिसमिसलच्या आधी किमान तीस दिवस, शंभर किंवा जास्त असतील तर पंचेचाळीस. चौदावर ते लागत नाही. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणखी कुणाला काढलं का, मार्चमध्ये दुसरी यादी येतेय का, हे जरूर शोधा. दोन तुकड्यांत पाडलेली कपात एकत्र मोजली जाऊ शकते.

थेम्सकाठी
२४ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

व्हिसाचं बोलू, कारण तुमच्या भावाला पैशापेक्षा दिवस महाग आहेत.

नोकरी संपली की स्पॉन्सरला दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला (इथल्या गृहखात्याला) कळवावं लागतं. मग होम ऑफिसचं पत्र येतं आणि व्हिसा कमी होतो, साधारणपणे साठ दिवस. व्हिसाच त्याआधी संपत असेल तर ती तारीख. हे साठ दिवस शेवटच्या कामाच्या दिवसापासून नव्हे, पत्रात दिलेल्या तारखेनुसार. ती तारीख उलटण्याआधी नव्या स्पॉन्सरचं सर्टिफिकेट घेऊन अर्ज दाखल झाला पाहिजे. निकाल लागेपर्यंत इथे राहता येतं, पण नव्या कंपनीत काम सुरू करता येत नाही. त्याचं आधीचं सर्टिफिकेट एप्रिल २०२४ नंतरचं आहे, त्यामुळे नव्या नोकरीत आजची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड किंवा त्या पदाचा ठरलेला दर, जो जास्त असेल तो लागणार.

म्हणून सेटलमेंटच्या वाटाघाटीत 'नोटिशीऐवजी पगार' याला हुरळून हो म्हणू नका. नोटिशीचे पैसे हातात दिले की नोकरी त्याच दिवशी संपते आणि स्पॉन्सरची कळवण्याची मुदत सुरू होते. त्याऐवजी गार्डन लीव्ह मागा: घरी बसून पगार, नोकरी चालू, व्हिसा चालू. एक महिन्याचा जादा पगार रोख घेण्यापेक्षा तेच पैसे वाढीव नोटिशीच्या रूपात घेतले तर नोकरी शोधायला पूर्ण महिना मिळतो. कंपनीला खर्च जवळपास तेवढाच, त्यामुळे हे मान्य व्हायची शक्यता बरी असते. रोख रकमेवरची तीस हजारांपर्यंतची करसवलत यात जाते, पगारावर नेहमीसारखा कर बसतो. तरीही माझ्या मते हा सौदा चांगला.

स्थलांतराचा खर्च परत घेण्याचं कलम काँट्रॅक्टमध्ये असेल तर सेटलमेंटमध्ये 'ते लागू नाही' असं लिहून घ्या. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (स्पॉन्सर कंपनीने सरकारला भरायचा आकार) कर्मचाऱ्याकडून वसूल करायला मनाईच आहे. रिडंडन्सीचे किंवा सेटलमेंटचे पैसे 'पब्लिक फंड'मध्ये (व्हिसावाल्यांना न चालणाऱ्या सरकारी भत्त्यांत) मोडत नाहीत, ते निर्धास्त घ्यावेत. युनिव्हर्सल क्रेडिट मोडतं, तिकडे जायचं नाही.

सातारकर_स्लाऊ
२४ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

विदुलाताई, दोन घड्याळांचं मला खरंच माहीत नव्हतं. आभार. व्हिसावाल्यालाच उचललं, हा भेदभाव नाही का? त्याला तर दोन वर्षं लागत नाहीत.

विदुला_बर्मिंगहॅम
२४ जानेवारी, रात्री ८:१५

भेदभावाच्या दाव्याला दोन वर्षं लागत नाहीत हे खरं. पण 'व्हिसावर आहे' एवढंच पुरत नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तैवो विरुद्ध ओलैगबे या निकालात सांगितलं की इमिग्रेशनचा दर्जा म्हणजे राष्ट्रीयत्व किंवा वंश नव्हे. त्यामुळे थेट भेदभाव दाखवायला भारतीय असल्यामुळे निवडलं याचा काही धागा हवा: एखादा ई-मेल, एखादं वाक्य, इतर कपातींचा नमुना. 'स्पॉन्सरशिपचा खर्च नको' या निकषाचा फटका ठरावीक राष्ट्रीयत्वाच्या लोकांनाच बसतो, असा अप्रत्यक्ष भेदभावाचा मुद्दा वकील तपासू शकतो. पुरावा नसताना केवळ दबाव म्हणून हा आरोप घालू नये, मूळ केस पातळ होते.

पुरावा मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, कंपनीकडे असलेली स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज. एचआरला ई-मेल: '१ नोव्हेंबर २०२५ पासून आजपर्यंत माझ्या रिडंडन्सीबद्दल, पूलबद्दल आणि निवडीबद्दल माझा उल्लेख असलेले ई-मेल, चॅट आणि नोंदी द्या', आणि ज्या तीन-चार माणसांमध्ये हे बोलणं झालं असेल त्यांची नावं. 'माझ्याबद्दलचं सगळं' असं मोघम मागितलं की मुदत वाढवून मिळते आणि शेवटी भाराभर निरुपयोगी कागद येतात. नेमकं मागितलं तर एका महिन्यात द्यावं लागतं, फी नाही. सहकाऱ्यांची माहिती खोडून देतील.

ऑफिसच्या लॅपटॉपवरून कंपनीच्या फाइली स्वतःच्या मेलवर मात्र पाठवू नका. त्यातून गोपनीयतेचा नवा वाद उभा राहतो आणि शिस्तभंगाचं निमित्त मिळतं. स्वतःचं काँट्रॅक्ट, पगारपत्रकं, आलेली पत्रं ठेवायला हरकत नाही.

मेघना_लेस्टर
२४ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तो आज पहिल्यांदा शांत जेवला. आता दोन प्रश्न. चार हजारांचा देकार कमी आहे की ठीक, हे कशावरून ठरवायचं? आणि वकील कुठून, किती खर्चात?

प्रसाद_मँचेस्टर
२५ जानेवारी, सकाळी १०:००

आकड्यांवरून ठरवा. दावा जिंकला तर दोन भाग मिळतात.

पहिला बेसिक अवॉर्ड. सूत्र रिडंडन्सी पे चंच: २२ ते ४० या वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एका आठवड्याचा पगार. त्याचा आठवडा ९२३ पौंडांचा पडतो, पण ५ एप्रिल २०२६ पर्यंतच्या डिसमिसलला कमाल ७१९ धरतात. परदेशातले आठवडे वगळण्याचा नियम बेसिक अवॉर्डला नाही, म्हणून पाच वर्षं: ५ × ७१९ = ३,५९५.

दुसरा कॉम्पेन्सेटरी अवॉर्ड, म्हणजे प्रत्यक्ष नुकसान. ४८,००० वर हातात महिन्याला साधारण ३,१७० येतात, पेन्शन धरलेली नाही. नोटिशीनंतर नवी नोकरी मिळायला तीन महिने लागले तर सुमारे ९,५००. इथे पोल्की येतं, १९८७ चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल: प्रक्रिया रास्त झाली असती तरी तो गेलाच असता याची शक्यता किती, तेवढे टक्के वजा. चौघांचा पूल करून गुण दिले असते तर त्याचा क्रमांक कुठे लागला असता, त्यावर हे अवलंबून. ट्रायब्युनलने निम्मे कापले तर ४,७५० उरतात, आणि बेसिक धरून ८,३००-८,४०० च्या आसपास. म्हणून त्याचे मागच्या दोन वर्षांचे अप्रेझल महत्त्वाचे. चांगले असतील तर ही कपात घटते.

तेव्हा चार हजार हा सुरुवातीचा आकडा आहे. चुकीच्या गृहीतकावर, म्हणजे दावाच नाही असं समजून, काढलेला. सलगतेचा मुद्दा लेखी गेला की तो हलतो. दुसरीकडे, जिंकण्याची खात्री नसते, निकाल लागायला बराच काळ जातो आणि त्याचा व्हिसा तोवर थांबणार नाही. वाढीव नोटीस, चांगला ठरलेला रेफरन्स आणि सात-आठ हजारांच्या आतबाहेर काही मिळालं तर मी तडजोड करायला सांगेन.

पत्र लांबलचक नको. चार वाक्यं पुरेत: माझी सलग नोकरी १ जून २०२० पासून आहे, कलम २१८(६) प्रमाणे, कारण दोन्ही कंपन्या असोसिएटेड आहेत. माझी वैधानिक नोटीस पाच आठवडे आहे. एकाचा पूल सल्लामसलतीआधी ठरला याला माझी हरकत आहे. सेटलमेंटवर सल्ला घ्यायला मला ६ फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या. रिलीव्हिंग लेटर सोबत जोडा.

थेम्सकाठी
२५ जानेवारी, सकाळी ११:१०

वकिलाआधी घरातला विमा बघा. घराच्या किंवा भाड्याच्या घरातल्या सामानाच्या पॉलिसीत 'लीगल एक्स्पेन्सेस' कव्हर असतं आणि लोकांच्या ते लक्षातही नसतं. नोकरीचे वाद त्यात बहुतेक वेळा येतात. पण विमा कंपनीला आधी कळवायचं. परवानगीशिवाय वकिलाला दिलेली फी ते परत देत नाहीत, आणि जिंकण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून जास्त आहे असं त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाने म्हणावं लागतं.

युनियनचा सभासद असेल तर तिकडे. आता सभासद झालं तर आधीपासून चालू असलेल्या वादाला सहसा मदत मिळत नाही. अकॅसची हेल्पलाइन ०३०० १२३ ११०० फुकट सल्ला देते, पण ते बाजू घेत नाहीत, केस जिंकाल का तेही सांगत नाहीत. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि जवळचं लॉ सेंटर हेही पर्याय. 'जिंकलात तर फी' वाले वकील ट्रायब्युनलच्या दाव्यात व्हॅट धरून जास्तीत जास्त ३५ टक्के घेऊ शकतात. छोट्या रकमेच्या केसेस ते टाळतात, ही केस त्या सीमेवर आहे. सरकारी लीगल एड नोकरीच्या दाव्यांत भेदभावापुरतंच.

माझं मत: सेटलमेंटवर सल्ला देण्यासाठी कंपनी जी फी देणार आहे, त्याच वकिलाला पहिल्या भेटीत विचारा की तुम्ही वाटाघाटीही करता का, आणि त्याचे वेगळे किती. काही जण नुसते कलमं समजावून सही करतात. एम्प्लॉयमेंट कायद्याचाच वकील हवा, घर खरेदीच्या वेळचा ओळखीचा सॉलिसिटर नको.

नीला_मिल्टनकीन्स
२५ जानेवारी, दुपारी १:००

थोडं अवांतर. माझी जाऊ बाळंतपणाच्या रजेवरून नोव्हेंबरात कामावर परतली, बाळ अकरा महिन्यांचं आहे. तिलाही 'ॲट रिस्क'चं पत्र आलंय. रजा संपली म्हणजे संरक्षणही संपलं का?

विदुला_बर्मिंगहॅम
२५ जानेवारी, दुपारी १:२५

नाही संपलं. ६ एप्रिल २०२४ पासून हे संरक्षण गरोदरपण मालकाला कळवल्यापासून बाळ अठरा महिन्यांचं होईपर्यंत आहे. तिची जागा रिडंडंट होत असेल आणि योग्य अशी दुसरी जागा रिकामी असेल तर ती तिला आधी देऊ करावी लागते. इतरांबरोबर मुलाखतीला बसवायचं नाही. ते न करता काढलं तर आपोआप अनफेअर, आणि त्याला दोन वर्षंही लागत नाहीत. फक्त हे लक्षात ठेवा की योग्य जागा रिकामीच नसेल तर हा नियम नोकरी वाचवू शकत नाही. तिने बाळाची जन्मतारीख देऊन रिकाम्या जागांची यादी आजच लेखी मागावी. सविस्तर लिहायचं तर नवा धागा काढा, तिथे येते.

मेघना, आता मुदती. ट्रायब्युनलची मुदत नोकरी संपल्यापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी. २७ फेब्रुवारीला संपली तर २६ मे २०२६. नोटीस ६ मार्चपर्यंत वाढायला हवी होती असं आपलं म्हणणं असलं तरी मुदत मोजताना २७ फेब्रुवारीच धरा. कंपनीतलं अपील चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, यात फार लोकांचे दावे बुडतात. २६ मेच्या आत अकॅसला अर्ली कन्सिलिएशनसाठी कळवलं की घड्याळ थांबतं. १ डिसेंबर २०२५ पासून हा समेटाचा काळ बारा आठवड्यांपर्यंत चालू शकतो. समेट नाही झाला तर सर्टिफिकेट मिळतं, त्याचा क्रमांक घालून ईटी-१ हा दाव्याचा फॉर्म भरायचा. फी नाही, २०१७ मध्ये युनिसन या कामगार युनियनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. हरलो तर कंपनीच्या वकिलाचा खर्च अंगावर येईल ही भीतीही सहसा नसते. दावा निरर्थक असेल किंवा कुणी मुद्दाम त्रास देत असेल तरच तसा आदेश निघतो.

अकॅसच्या फॉर्मवर मालकाचं नाव इंग्लंडच्या कंपनीचं, पगारपत्रकावर आहे तसं, 'लिमिटेड'सकट. पुण्याच्या कंपनीचं किंवा ब्रँडचं नको. सर्टिफिकेटवरचं आणि ईटी-१ वरचं नाव वेगळं निघालं तर दावा परत येऊ शकतो.

वकिलाला पहिल्या ई-मेलसोबत एका पानावर तारखा द्या, १ जून २०२० पासून आजपर्यंत, आणि त्याखाली सात कागद: दोन्ही काँट्रॅक्ट, रिलीव्हिंग लेटर, जुलै २०२४ चं पुण्याचं पगारपत्रक, हिशेबांतलं 'पॅरेंट'वालं पान, 'ॲट रिस्क'चं पत्र, सेटलमेंटचा मसुदा. मीटिंगच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये. सोमवारी सकाळी नऊला प्रसाद यांनी लिहिलेली चार वाक्यं एचआरला जाऊ देत, म्हणजे सहीची मुदत टळेल.

मेघना_लेस्टर
२५ जानेवारी, दुपारी २:१०

चार वाक्यांचा मसुदा त्याने केलाय. अपीलचं पाचवं वाक्य त्यातच घालावं की नोटीस हातात आल्यावर वेगळं?

प्रसाद_मँचेस्टर
२५ जानेवारी, दुपारी २:३०

वेगळं. आत्ता निर्णय 'झालेला नाही' अशीच भाषा ठेवा, नाहीतर सल्लामसलत संपली असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. नोटीस आली की पत्रात मुदत दिली असेल त्यात, दिली नसेल तर पाच कामाच्या दिवसांत अपील, पूल आणि रिकाम्या जागा या दोनच मुद्द्यांवर.

मेघना_लेस्टर
२५ जानेवारी, दुपारी २:४०

ठीक. उद्या नऊला पाठवतोय. २९ च्या मीटिंगनंतर इथेच लिहिते.